थोरल्यांच्या उरलेल्या गोळ्या

पाट्या रंगवणाऱ्या त्या दोघा भावांना बाजारात नावानं कोणीच ओळखत नसे. मोठे ते थोरले आणि लहान ते धाकटे, संपला विषय. धाकट्यांची साठी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ते धाकटेच राहिले. थोरल्यांनी खडूनं अक्षरं आखायची आणि धाकट्यांनी त्यांत रंग भरायचा, ही त्यांची वाटणी. वडिलांनी घालून दिलेला एकच नियम दोघंही जिवापाड पाळत. एकाच्या हातचं काम अर्धं राहिलं तर ते दुसऱ्यानं पुरं करायचं, आणि तोवर नव्या कामाचा ब्रश भिजवायचा नाही. ही सवय इतकी अंगात मुरली होती की थोरल्यांच्या कपात चहा उरला तर तोसुद्धा धाकटे बसल्या जागी संपवून टाकत.

घर एकच होतं. पुढच्या खोलीत रंगाचं काम, मागे राहणं. धाकट्यांनी लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायचा कंटाळा येऊन लोकांनी ते कधीच सोडून दिलं होतं. स्वयंपाकघर वहिनींचं. वहिनी कामाला वाघ, पण हात थोडा धांदरट. दूध उतू जायचं, कप फुटायचा, एकदा तर दुकानात न्यायच्या ओल्या पाटीवर त्यांचा पदर फिरला आणि अख्खी ओळ पुसली गेली. काहीही झालं की थोरले गिऱ्हाइकाला, पाहुण्यांना, लेकीला एकच वाक्य सांगत, "माझ्याच हातून झालं." वहिनी आतून ओरडत, "अहो, तुम्ही घरात तरी होतात का तेव्हा?" थोरल्यांचं उत्तर ठरलेलं, "नसेन. पण हात माझाच."

असा माणूस एका भर दुपारी शिडीवरून पडून गेला.

औषधवाल्यानं नवं दुकान काढलं होतं आणि दाराच्या वरच्या भिंतीवर त्याला मोठी अक्षरं हवी होती. उंचावरचं काम थोरले कधी धाकट्यांना देत नसत. "तुझा पाय भरवशाचा नाही," म्हणत आणि स्वतः चढत. आखायचंही त्यांनीच, भरायचंही त्यांनीच. धाकटे खाली शिडी धरून उभे राहत आणि रंगाचा डबा वर देत. त्या दिवशी पहिली दोन अक्षरं भरून झाली होती. थोरले डबा घ्यायला खाली वाकले, सरळ झाले, मान वर केली आणि म्हणाले, "अरे, दिवे कोणी घालवले?"

डोक्यावर लख्ख ऊन होतं. धाकट्यांना वाटलं, दादांची नेहमीची थट्टा. दुसऱ्या डब्यातला रंग ढवळायला ते वाकले होते, एक हात शिडीवर होता की नव्हता, हे त्यांना पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही. थोरले दुकानाच्या पायरीच्या कडेवर पडले. पुन्हा बोललेच नाहीत.

घरी माणसं जमली, दादा शेवटचं काय म्हणाले ते धाकट्यांकडून ऐकून पांगली. सगळं उरकल्यावर वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "शिडी धरली होती ना, भाऊजी?"

"धरली होती," धाकटे म्हणाले. पण वर बघून नाही. वहिनींनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर त्या दोन माणसांच्या घरात बोलणं असं राहिलंच नाही. "वाढलंय." "पाणी आलंय." "कडी लावा." बस. भांडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर धाकट्यांनी पाय धरले असते. पण वहिनी भांडल्या नाहीत. औषधवाल्याच्या भिंतीवर दोन रंगवलेली अक्षरं आणि पुढे खडूच्या पुसट रेघा तशाच राहिल्या. नियमाप्रमाणे ते काम धाकट्यांचं होतं. ते त्या रस्त्यानं जाणंच टाळायचे. अर्धं काम समोर असताना नवं हातात घेता येईना, म्हणून पुढच्या खोलीत ब्रश कोरडे पडले.

तशात त्यांना दादांचंच दुखणं लागलं. या वयात पुरुषाला सगळ्यात जास्त कोण छळत असेल तर त्याची लघवी. मनात येईल तेव्हा धाव घ्यायची, गेल्यावर उभं राहून वाट बघायची, आणि परत येऊन टेकलं की पुन्हा धावायचं. थोरल्यांना हे झालं तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले होते, प्रोस्टेटची गाठ वाढली आहे असं कळलं होतं, गोळी सुरू झाली होती आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. धाकट्यांना डॉक्टरांसमोर ही गोष्ट काढायचीच लाज वाटे. ते आपले संडासाच्या फेऱ्या मारत राहिले. फेऱ्या वहिनींच्या कानावर पडत होत्याच.

एके दिवशी सकाळी चहासोबत त्यांच्यासमोर एक छोटी वाटी आली. वाटीत थोरल्यांची गोळी.

"यांच्या उरल्यात," वहिनी म्हणाल्या. "घ्या. यांना बरं वाटायचं."

कितीतरी दिवसांनी त्या एवढं बोलल्या होत्या. धाकट्यांचे डोळे भरून आले. ती गोळी त्यांनी औषध म्हणून घेतलीच नाही. वहिनींनी माफ केलं, असं समजून घेतली. शिवाय दादांचं उरलेलं होतं, ते संपवायचा हक्क त्यांचाच होता.

त्याच सकाळी, ऊन चढल्यावर, ते कामाच्या खोलीत बुटक्या स्टुलावर बसले होते. टर्पेंटाइनची बाटली घ्यायला उठले आणि खोलीच्या कडा काळ्या पडत आल्या. कानांत घूं झालं. समोरची खिडकी लांब लांब गेली. आणि त्या अंधारात अगदी खांद्याशी आवाज आला, "अरे, दिवे कोणी घालवले?"

त्यांनी टेबल घट्ट धरलं. हळूहळू खिडकी परत आली, उजेड आला. खोलीत कोणी नव्हतं.

"दादा?" ते म्हणाले.

आधी त्यांना भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर आनंद झाला. भीती मागून आली आणि मग हललीच नाही.

वहिनी गोळी एक दिवसाआड देत. नवऱ्याची शेवटची वस्तू, पुरवून पुरवून चालली होती. ज्या दिवशी गोळी, त्या दिवशी दादा येत. बिनगोळीच्या दिवशी फिरकत नसत. इतकी सरळ गोष्ट कोणाच्याही लक्षात आली असती आणि धाकट्यांच्याही आलीच. फक्त त्यांनी ती उलटी धरली. गोळी दादांची आहे, म्हणून गोळीच्या मागोमाग दादा येतात, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. खाली वाकून उठलं की येतात, आंघोळीच्या गरम पाण्यातून उठलं की हमखास येतात. आणि दर वेळी तेच विचारतात. धाकट्यांना त्यातला प्रश्न ऐकू येई तो वेगळाच. शिडी कोणी सोडली?

ते वाळत चालले. आरशात बघेनासे झाले, कारण उतरलेला चेहरा थेट दादांचा दिसे. अंगण झाडतानाही पाठीमागे कोणी उभं असल्यासारखे थबकत. वहिनी बघत, पण विचारत नसत. शेवटी एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवलं की हे असं खोलीच्या कोपऱ्यात लपूनछपून भेटणं पुरे. दादा जिथून गेले तिथंच जायचं. गोळीचा दिवस बघून जायचं, म्हणजे ते नक्की येतील. शिडीवर चढायचं, ती पाटी पुरी करायची, आणि वर समोरासमोर काय ते उत्तर द्यायचं. पुढे दादा नेतील तिथं जायचं. हे ठरल्यावर त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी गोळी घेतली. शिडी खांद्यावर टाकली. वहिनी दारात आल्या. शिडीकडे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कुठं?"

"दादांचं अर्धं राहिलंय."

वहिनींनी चौकट धरली आणि धाकटे वळणाआड होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

औषधवाला चाळिशीचा, जाडसर, बोलघेवडा माणूस. पाटी अर्धी राहिली म्हणून त्यानं दुसऱ्या कोणाला बोलावलं नव्हतं. धाकट्यांना बघून त्याची बडबड एकदम बंद झाली. तो काउंटरमागून बाहेर आला आणि म्हणाला, "शिडी मी धरतो. दोन्ही हातांनी."

धाकट्यांनी रंग घोटला, डबा दोरीनं कमरेला लावला आणि चढायला लागले. तिसऱ्या पायरीवर डब्याची दोरी सैल झाली. ते वाकले, गाठ मारली, सरळ झाले, मान वर केली. वर दादांच्या हातची दोन अक्षरं उन्हात चमकत होती. ती बघता बघता काळी पडली. आजूबाजूची भिंत गेली, ऊन गेलं.

"अरे, दिवे कोणी घालवले?"

"आलो, दादा," धाकटे म्हणाले आणि त्यांनी हात सोडला.

औषधवाल्याच्या जाडेपणाचा जगाला झालेला हा एकमेव उपयोग असेल. तिसऱ्या पायरीवरून आलेला म्हातारा त्यानं अंगावर झेलला, दोघं मिळून खाली बसले आणि लाल रंगाचा डबा दोघांच्या अंगावर रिकामा झाला. रस्त्यावरच्या बाईनं रक्त समजून किंकाळी फोडली. औषधवाल्यानं धाकट्यांना आत नेऊन फरशीवर आडवं केलं, पाय एका खोक्यावर ठेवले, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. मग बसवून बघितला. मग धरून उभं करून बघितला, आणि लगेच पुन्हा आडवं केलं.

"उभं राहिलात की पार खाली जातोय," तो म्हणाला. "कुठली गोळी घेता?"

"माझी नाही. दादांची. उरल्यात त्या."

"दादांची?" औषधवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "प्रोस्टेटची? डॉक्टरांनी सांगितली तुम्हाला?"

"वहिनी देतात. एक दिवसाआड."

"अहो काका!" औषधवाल्यानं कपाळाला हात लावला, त्यामुळे कपाळही लाल झालं. "ही गोळी लघवीच्या वाटेवरचे स्नायू सैल करते, म्हणून मोकळं वाटतं. पण त्याबरोबर रक्तवाहिन्याही सैल पडतात. माणूस एकदम उठला की रक्त खाली पायांत राहतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून ही अगदी कमी ताकदीपासून चालू करतात, शरीराला सवय लावत लावत वाढवतात. रात्री झोपताना घ्यायची असते. तुम्ही सगळ्यात मोठ्या ताकदीची, सकाळी, तीही मधे मधे सोडून घेताय. अंगाला सवय लागणार कधी? आणि वर शिडी!"

धाकटे फरशीवर पडून छताकडे बघत होते. "म्हणजे अंधार... तो गोळीचा?"

"नाही तर कोणाचा?"

धाकटे म्हणाले, "दादा पण सकाळीच घ्यायचे. रात्री विसरायला होतं म्हणून चहाबरोबर."

"त्यांना महिनोन्महिन्यांची सवय होती. चालून गेलं असेल," औषधवाला म्हणाला. मग त्याचा हात पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबला. "काका, पडायच्या आधी त्यांची गोळी मधे बंद होती का? काही दिवस?"

धाकट्यांनी आठवलं. आठवायला लागलंच नाही. थोरले आणि वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, तिकडे तीन आठवडे राहिले. गोळ्या इकडे कपाटावर राहिल्या. दादा फोनवर हसले होते की, नाही तर नाही, जरा धावपळ होईल एवढंच.

"आणि परत आल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली. नेहमीची. वहिनींनीच दिली, मी तिथं चहा पीत होतो. मग आम्ही इकडे आलो."

औषधवाला खोक्यावर बसला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "एवढा खंड पडला की पुन्हा पहिल्यासारखी छोट्या ताकदीपासून सुरू करायची असते. डॉक्टरांना विचारून. अंग सवय विसरतं. पाकीट मीच दिलं होतं त्यांना. खंड पडला तर आधी विचारायला या, एवढं एक वाक्य मी सांगायला हवं होतं." पट्टा बाजूला ठेवून तो त्यांच्याकडे वाकला. "आणि काका, मी त्या दिवशी दारातच उभा होतो. शिडी हलली नव्हती. ते वरच आधी ढिले पडले, मग सुटले. तुम्ही धरली असतीत, नसती धरलीत, तरी ते पडलेच असते. शिडी तर नंतरही भिंतीला तशीच उभी होती."

धाकटे रडले. लाल रंगानं माखलेला तो साठीपलीकडचा माणूस औषधाच्या दुकानात फरशीवर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला, आणि आत आलेली दोन गिऱ्हाइकं काही न घेता परत गेली.

औषधवाल्यानं दुकान बंद करून त्यांना स्वतः डॉक्टरांकडे नेलं. तिथं लाजायला जागाच नव्हती, सगळं त्यानंच सांगून टाकलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी बघायला सांगितली, आणि दोन दिवसांनी रक्तदाब पुन्हा पाहून मगच त्यांच्यासाठी गोळी लिहून दिली, सगळ्यात कमी ताकदीची. झोपताना घ्यायची. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, पाय खाली सोडून जरा थांबायचं, मग उभं राहायचं. चक्कर आलीच तर जिथं असू तिथं बसायचं किंवा आडवं व्हायचं. दुसरी कुठलीही गोळी घेताना हिचं नाव सांगायचं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून आधी सांगायचं. अंगवळणी पडेपर्यंत शिडी बंद. धाकटे सगळ्याला मान हलवत होते. दोन दिवस वहिनींना रंग सांडला एवढंच सांगितलं होतं, पुढचं बोलायचा धीर झाला नव्हता, आणि आता मनात एकच गोष्ट घोळत होती. आज वहिनींना सांगायचं. शिडी हलली नव्हती, हे सांगायचं.

हे दोन दिवस त्यांनी वाटीतली गोळी गुपचूप खिशात टाकली होती. नवं पाकीट घेऊन ते संध्याकाळी घरी आले तेव्हा पाय हलके पडत होते. पहिल्यांदाच दारातून आत येताना मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

वहिनी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोर थोरल्यांच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्यात शेवटची एकच गोळी उरली होती.

"वहिनी, मला डॉक्टरांनी माझी वेगळी दिली," धाकटे म्हणाले. "दुसऱ्याची घ्यायची नसते. ही आता औषधवाल्याकडे परत देऊ." आणि पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. वहिनी, दादा माझ्यामुळे नाही पडले.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "मलाही संपवायची नव्हती." त्या पाकिटावरून बोट फिरवत राहिल्या. "भाऊजी, त्या दिवशी सकाळी मीच काढून दिली यांना. आठवतंय? तीन आठवडे औषध नाही, मला आपली काळजी. हे नको म्हणत होते. म्हणाले, बघू उद्या. मी ऐकलं नाही. वाटीत घालून पुढं केली तेव्हा घेतली. म्हणाले, तुझ्या हातचं आहे म्हणून घेतो." वहिनी किंचित हसल्या. "तेवढंच माझ्या हातून शेवटचं गेलं त्यांच्या पोटात. एवढ्या एका गोष्टीवर मी दिवस काढतेय. निदान औषध तरी वेळेवर दिलं."

धाकट्यांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. ते दारात उभे होते आणि उजेडात उभे असूनही त्यांना चौकट धरावी लागली. या खेपेला गोळीचा काही संबंध नव्हता.

"एकच कळत नाही मला," वहिनी म्हणाल्या. आता त्या त्यांच्याकडे सरळ बघत होत्या. "औषध घेतलं होतं. पोटभर खाल्लं होतं. झोप झाली होती. मग भर उन्हात माणसाला अंधार का दिसावा? तुम्ही सांगितलेलं ते वाक्य मला रोज ऐकू येतं, भाऊजी. भांडी घासताना, पाणी भरताना. पाठीशी उभं राहून विचारतात. दिवे कोणी घालवले? मी काय सांगू त्यांना? सांगा ना. कोणी घालवले?"

म्हणजे वहिनींना ऐकू येण्यासाठी गोळीसुद्धा लागत नव्हती. धाकटे हळूच खाली बसले. पाकिटातली ती एकुलती गोळी त्यांनी उचलली आणि खिशातल्या दुसरीबरोबर ठेवून दिली. मग ते म्हणाले,

"शिडी मी सोडली होती, वहिनी. रंग ढवळायला वाकलो आणि सोडली. मी तेव्हा खोटं बोललो. माझ्याच हातून झालं."

वहिनी हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं आणि चेहऱ्यावरचा तो सारखा ऐकत असल्यासारखा ताण हळूहळू उतरला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून उठल्या, पेल्यात पाणी ओतलं आणि विचारलं, "तुमची नवी गोळी कधी घ्यायची असते?"

"झोपताना."

"मी देईन," वहिनी म्हणाल्या आणि ताटं घ्यायला वळल्या.